अंगठा गेला, 'सहमत'चे बटण आले

वैद्यकीय संशोधनात भाग घेणाऱ्याची संमती चॅटबॉटने घ्यावी, असा विचार आता जगभर मांडला जातो आहे. बॉट थकत नाही, जात विचारत नाही, रात्री अकरालाही उत्तर देतो. यातले एक आम्हालाही पटते : डॉक्टरसमोर आपली बाई प्रश्न विचारत नाही, मोबाईलला कदाचित विचारेल.

पण आपल्याकडे संमतीचे वाटोळे झाले ते डॉक्टर थकले म्हणून काय?

खम्मम पाहा. 2009 साली तिथे मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. बऱ्याच मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. संसदेच्या स्थायी समितीचा 2013 चा अहवाल सांगतो : आंध्रातल्या 9,543 संमतीपत्रांपैकी 1,948 वर अंगठे, 2,763 वर वॉर्डनच्या सह्या. उद्या कागदाच्या जागी बॉट आला, तर बटण त्याच वॉर्डनचे बोट दाबेल.

उस्मानाबाद (आजचे धाराशिव) तर आपल्याच राज्यातले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवरचा तिथला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. तुलनेच्या गटातल्या 31,488 बायांची अभ्यासातर्फे तपासणी झाली नाही; त्यातल्या 64 जणी याच कर्करोगाने गेल्या. देशात अशी तपासणी सरसकट होतच नाही, हा संशोधकांचा बचाव. म्हणजे सरकार देत नाही, हेच गरीब बाईला न देण्याचे कारण! तिला काय सांगायचे हे ज्यांनी ठरवले, तसलेच लोक बॉटला पढवणार. शिवाय बाई कुठे अडखळली हे टिपून नेमकी तिथे समजूत घालायलाही तो शिकेल. याला आम्ही गळ घालणे म्हणतो.

आमच्या रेडीची म्हातारी मालवणीत 'बरां' म्हणते, तेव्हा कधी तिला पटलेले असते, कधी 'आता पुरे' म्हणायचे असते. पुस्तकी मराठीतला बॉट दोन्ही वेळा होकार धरील. आणि उपचारासाठी गोव्यात बांबोळी गाठावी लागणारा माणूस उपचार करणाऱ्यालाच 'नको' कसे म्हणेल? खोताच्या कागदावर कुळाने दिलेला अंगठाही संमतीच होती. बाबासाहेबांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, ते कुळाला कागद नीट वाचून दाखवा म्हणून नव्हे. खोतीच मोडायला मांडले.

2019 च्या नियमांनुसार निरक्षराची संमती घेताना त्रयस्थ साक्षीदार लागतो. तो साक्षीदार तिने निवडलेला, तिच्या वस्तीतला हवा. बॉटने माहिती द्यावी, संमती घेऊ नये. नकार दिला तरी उपचार थांबणार नाही, हे लेखी हवे; बॉटशी झालेले सगळे बोलणे तिच्या हाती हवे. आणि हा मजकूर आधी विहारात, महिला मंडळासमोर वाचला जावा. गुरू सांगतो म्हणूनही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. मग मोबाईल सांगतो म्हणून आपण का मानावे?

वेंगुर्ले, सावंतवाडीच्या तरुणांनो, असा बॉट घेऊन कोणी वस्तीत आले तर आधी नीतिसमितीचे मंजुरीपत्र मागा, आणि त्या समितीत आपले कोण बसले आहे ते विचारा.