नाव छापू नये, ही विनंती

सरत्या वर्षाचा पाढा आम्ही वाचणार नाही. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यातले उभे सोयाबीन कुजवले, ते तुम्ही तुमच्याच शेतात पाहिले आहे. दिल्लीच्या साहित्य संमेलनात ताराबाई भवाळकर अध्यक्ष म्हणून बोलल्या आणि संमेलनाची अब्रू राहिली. पहिलीपासूनच्या हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. मे महिन्यात जयंत नारळीकर गेले; त्यांच्याविषयी पुढे चार ओळी येतील. झाला आढावा.

आता वर्षभर डोक्यात किटकिट करणारी गोष्ट. सिद्धेश्वरसारख्या धरणाकाठच्या गावातून दिवाळी अंक निघतो आणि त्याला पत्रे येतात, हे पुण्या-मुंबईच्या मंडळींना खरे वाटत नाही. पण येतात, आणि यंदा तर फार चांगली आली. एकाने वडिलांच्या तेराव्याचा खर्च टाळून ते पैसे गावच्या शाळेच्या पुस्तकांना दिले. एकाने मुलीचे लग्न पंचांग न उघडता लावले. वसमतकडच्या एका तरुणाने सगळी हळकुंडे आडतीवर घालायची भाऊबंदांची रीत मोडून घरीच चक्की बसवली आणि हळदीचे पुडे विकायला काढले. एका बाईंनी नवरा गेल्यावर कुंकू पुसू दिले नाही. वाचताना ऊर भरून यावा अशी पत्रे. आणि प्रत्येकाच्या तळाशी, कधी लाल शाईत, कधी दोनदा अधोरेखित करून: नाव छापू नये, ही विनंती.

हळदवाल्या तरुणाच्या पुड्यावर त्याचे नाव ठळक आहे, पत्राखाली नाही. का, तर चुलते वाचतील.

वेगळे वागायचे आणि वागलो हे कोणाला कळू द्यायचे नाही, यात धाडस किती आणि चोरी किती? आम्ही ज्या तालुक्यात राहतो तो औंढा नागनाथचा. शेजारच्या नरसीला संत नामदेवांचा जन्म झाला असे परंपरा मानते. मुलांना सांगायची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: गोरोबाकाकांनी थापटण्याने डोकी तपासली, नामदेव कच्चे मडके निघाले, मग गुरू शोधत औंढ्याला आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. जिथे पिंड नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव, असे विसोबा म्हणाले आणि नामदेवांना काय कळायचे ते कळले. कीर्तनकार ही गोष्ट अद्वैतासाठी सांगतात. आम्हाला तिच्यात दुसरेच काही दिसते. प्रत्यक्ष पांडुरंग ज्याच्याशी बोलतो म्हणून ज्याची ख्याती, तो भर संतमंडळीत कच्चा ठरल्यावर तोंड न लपवता शिकायला निघाला, आणि त्या फजितीची गोष्ट त्याच्या नावानिशीच राहिली. कोणी एक भक्त असा त्याचा उल्लेख होत नाही.

देऊळ फिरल्याची कथाही इथलीच. कीर्तनाला बसलेल्या नामदेवांना देवळासमोरून उठवले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळ त्यांच्याकडे फिरले. औंढ्यात नंदी देवळाच्या पाठीमागे आहे, तो पुरावा म्हणून दाखवतात. पण खरा पुरावा पंजाबात आहे. गुरु ग्रंथसाहेबात नामदेवांची 61 पदे आहेत आणि त्यांतल्या एका पदात देवळातून धरून उठवल्याचे ते स्वतः सांगतात. त्यात स्वतःचे नाव आहे, हलकी मानली गेलेली जात आहे, आणि कापडाच्या धंद्यात जन्माला का घातलेस असा देवाला सरळ सवालही आहे. अपमान झाला, तो कोणाचा झाला आणि तो काय काम करतो, हे सगळे पदातच. वारकरी संतांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले ते हौसेने नव्हे. नामा, जनी, चोखा, सावता: शिंपी, मोलकरीण, महार, माळी. ज्यांच्या नावाला गावात किंमत नव्हती त्यांनीच ते दर अभंगात लिहिले.

हे झाले श्रद्धेचे. धंद्यातले उदाहरण दुसऱ्या औंधाचे आहे. (ते साताऱ्याकडचे औंध संस्थान, आमचे औंढा, दोन्हींत घोळ करणारी पत्रे अजून येतात.) लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी मानत. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली आणि औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. दोन वर्षे न खपणाऱ्या मालावर स्वतःचे आडनाव घालणे म्हणजे काय, हे दुकानदारालाच कळेल. माल बुडाला असता तर आडनावही बुडाले असते. त्याच वाडीतून पुढे निघालेले ‘किर्लोस्कर’ मासिकही वाचकांच्या रूढींना डिवचत राहिले. नांगर विकणाऱ्याला गिऱ्हाईक दुखावणे परवडत नाही असे आजचे सल्लागार सांगतात. त्यांनी तो इतिहास वाचावा.

नारळीकरांविषयी चार ओळी म्हणालो होतो. विश्वाचा आरंभ महास्फोटात झाला असे जवळजवळ सगळे शास्त्रज्ञ मानू लागल्यावरही त्यांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर मांडलेली वेगळी बाजू सोडली नाही. बहुमत त्यांच्याकडे कधी आले नाही. फलज्योतिषाची चाचणी घ्यायची ठरवली तेव्हाही नरेंद्र दाभोलकरांसह नाव देऊनच घेतली. ज्योतिष्यांचे अंदाज नाणेफेकीपेक्षा बरे निघाले नाहीत. त्यांनी पुण्यात उभी केलेली आयुका ही संस्था ज्या प्रकल्पात सहभागी आहे, तो गुरुत्वीय लहरी टिपणारा लायगो-इंडिया आमच्या औंढा तालुक्यातच होतो आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचा. विसोबांच्या गावाला शोभेलसे शेजारपण आहे.

इथवर वाचून एखादा म्हणेल, संपादकसाहेब, नामदेव आणि नारळीकर सांगणे सोपे आहे. भावकीत राहायचे आम्हाला. आक्षेप बरोबर आहे, आणि तो आम्हाला र. धों. कर्व्यांपाशी नेतो. संततिनियमनाचा प्रचार सोडा नाहीतर नोकरी सोडा असा प्रसंग आला तेव्हा गणिताच्या या प्राध्यापकाने नोकरी सोडली. 1927 पासून 1953 मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचकांनी शरीरसंबंधांविषयी विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवून 1934 साली त्यांच्यावर खटला झाला. वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. खटला हरले, 200 रुपये दंड झाला. आता पाहा: असले प्रश्न विचारणारा वाचक त्या काळी नावानिशी पुढे येणार होता काय? त्याने यावे असे कोणी म्हणणारही नाही. कोर्टात उभे राहायला संपादकाचे नाव होते, म्हणून वाचकाला निनावी राहता आले. निनावी राहण्याची मुभा कोणीतरी नाव पणाला लावून मिळवून देतो.

म्हणून यापुढे असे करू. ज्याला मारहाणीचे, घर सुटण्याचे किंवा वाळीत पडण्याचे भय आहे, त्याचे पत्र नावाशिवाय छापू आणि खाली जबाबदारी म्हणून आमचे नाव घालू. ज्याला फक्त चुलत्यांच्या कपाळावरच्या आठीचे भय आहे, त्याने नाव लिहावे, नाहीतर पत्र परत येईल. भय कुठले ते ज्याने त्याने ठरवावे. आम्ही तपासायला येणार नाही.

वाळीत टाकणे ही जुनी गोष्ट झाली असे समजू नका. महाराष्ट्राला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला; तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे. कायदा चांगला आहे. पण तक्रार करायला पीडिताने किंवा त्याच्या घरच्याने पुढे यावे लागते, आणि साक्षीला शेजारी लागतात. शेजाऱ्याचे तोंड उघडत नाही. आमची खरी चीड या शेजाऱ्यावर आहे. वेगळा वागणारा निदान वागतो तरी. त्याचे बरोबर आहे असे मनातून मानणारे, ओसरीवर एकांतात पाठ थोपटणारे आणि चावडीवर गप्प बसणारे लोक गावोगाव ढिगाने आहेत. त्यांच्या गप्प बसण्यामुळे एकटा माणूस वेडा ठरतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने 2022 च्या मे महिन्यात कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामपंचायतीत केला. दोन आठवड्यांत शासनाने इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करायला सांगणारे परिपत्रक काढले. ठरावाने प्रथा त्याच दिवशी संपते असे नाही, हे आम्हालाही कळते. पण ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो आणि दोघांची नावे कार्यवृत्तात उतरतात. त्यानंतर कुंकू न पुसणाऱ्या बाईला एकटीने उत्तर द्यावे लागत नाही. तिच्या पाठीशी गावाचे कागद असतात. आमच्या पत्र लिहिणाऱ्या बाईंना हवे आहे ते एवढेच, आमचे कौतुक नको आहे.

वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाजारात सांगलीचे नाव मोठे, म्हणून पिकवणाऱ्या वसमतला स्वतःचे नाव मिळवायला इतका काळ लागला. मिळाल्यावर जिल्ह्यात फलक लागले, सत्कार झाले, फटाके वाजले. पिकाच्या नावासाठी जमतो तेवढे माणसाच्या नावासाठी का जमत नाही, हा प्रश्न चक्की बसवणाऱ्या पोराच्या चुलत्यांनाही विचारायला हवा. ते आमचे वर्गणीदार आहेत.

तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होईल. यंदा तुमच्या गावात कोणी मुहूर्ताशिवाय, हुंड्याशिवाय, जातीबाहेर किंवा 1873 पासून महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या सत्यशोधक पद्धतीने लग्न लावणार असेल, आणि पत्रिका तुमच्या हातात आली, तर पोटदुखीचे निमित्त काढू नका. जा. मांडवात पुढच्या रांगेत बसा, पंगतीला थांबा, फोटोत उभे राहा, आणि दुसऱ्या दिवशी पारावर कोणी विचारले तर गेलो होतो म्हणून सांगा.