पेन्शन घ्या, पण लिहू नका?

निवृत्त पोलीस वा गुप्तचर अधिकारी लेखक झाला, वाहिन्यांवर सुरक्षेची चर्चा करू लागला, की पहिला टोमणा ठरलेला: खुर्चीत होतात तेव्हा तोंडाला कुलूप का होते? मुंबईचे माजी पोलीस आयुक्त राकेश मारिया यांचे ‘लेट मी से इट नाऊ’ हे पुस्तक फेब्रुवारी २०२० मध्ये आले, तेव्हा केंद्रीय मंत्री पीयूष गोयल यांनीही हाच सवाल केला. २६/११ च्या हल्ल्यात कसाब मेला असता, तर मनगटावरचा लाल धागा आणि जवळचे ‘समीर चौधरी’ नावाचे ओळखपत्र यांवरून तो हिंदू ठरला असता. लष्कर-ए-तय्यबाचा डावच तो होता, असे मारियांनी लिहिले आहे. पण ही गोष्ट तोवर दडवून ठेवली होती, हेच मुळात खरे नाही. हिंदू नावांची ती बनावट ओळखपत्रे २००९ च्या आरोपपत्रात होती आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालातही त्यांचा विचार झाला आहे. धाग्याचा माग तर प्रभादेवीतच लागतो. सिद्धिविनायकाची टेहळणी केली आणि तिथूनच मनगटी धागे विकत घेतले, अशी साक्ष याच कटातील डेव्हिड हेडलीने २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाला दिली होती. कागद होते, वाचणारे नव्हते. मंदिराच्या रांगेत पिशवी उघडून दाखवणाऱ्या भाविकाला ही झडती कशापायी, हे निकालपत्राची शेकडो पाने चाळून कळणार नाही. सेंच्युरी बाजारचा १२ मार्च १९९३ चा स्फोट सोसलेल्या या भागाला तरी ते कळायलाच हवे, आणि ते काम अशी पुस्तके करतात.

तरीही पदाला भुलून प्रत्येक शब्द प्रमाण मानावा, असे मी म्हणणार नाही. एस. एम. मुश्रीफ पोलीस महानिरीक्षक होते. त्यांच्या ‘हू किल्ड करकरे?’ने एटीएसप्रमुख हेमंत करकरे यांच्या २६/११ च्या रात्री झालेल्या हत्येबद्दल निराळाच संशय मांडला. सत्र न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत मात्र कसाब आणि त्याचा साथीदार अबू इस्माईल यांनीच तो गुन्हा केल्याचे शाबीत झाले. दोन्ही लेखक खाकीतलेच. म्हणजे खांद्यावरच्या पट्ट्या पाहून निवाडा करता येत नाही, कागदाशी ताडूनच करावा लागतो. आणि पुस्तक निदान ताडता तरी येते. स्फोटाचा धूर विरण्याआधीच स्टुडिओत बसून सूत्रधाराचे नाव सांगणाऱ्या ‘सुरक्षातज्ज्ञा’ला कोण आणि कशाशी ताडणार? त्या धंद्याची वकिली मला करायची नाही.

उरतो गुपितांचा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. खबऱ्याचे नाव फुटले तर माणूस जिवाला मुकतो. पण ३१ मे २०२१ च्या केंद्रीय पेन्शन नियमाने नावे आणि कार्यपद्धतीच झाकल्या नाहीत. गुप्तचर व सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना त्या संस्थेच्या कार्यक्षेत्राविषयी, तिथे मिळालेल्या ज्ञानाविषयीसुद्धा संस्थाप्रमुखाच्या पूर्वपरवानगीशिवाय लिहिता येत नाही. लिहिले तर पेन्शनवर गदा. वप्पाला बालचंद्रन यांचे उदाहरण घ्या. महाराष्ट्र पोलिसांतून ते ‘रॉ’मध्ये गेले, विशेष सचिव झाले, २६/११ नंतरच्या राम प्रधान समितीचे दुसरे सदस्य होते. केंद्रीय गुप्तचर संस्थांची झाडाझडती घेणे त्या समितीच्या कक्षेत नव्हते. चौकशीच्या कक्षेबाहेर राहिलेले प्रश्न त्यांनी पुढे लेखांतून आणि ‘कीपिंग इंडिया सेफ’सारख्या पुस्तकांतून विचारले. यात कोणता खबऱ्या उघडा पडला? उघडी पडली ती व्यवस्थेतली फट, आणि ती दाखवायला परवानगी मागायची कोणाकडे, तर ज्याच्या कार्यालयात ती आहे त्याच्याकडेच! सीआयएचे माजी अधिकारीही हस्तलिखित आधी तपासून घेतात, पण कात्री अन्यायाची वाटली तर त्यांना न्यायालयात जाता येते. आपल्याकडेही तपासणी जरूर व्हावी, फक्त ती संस्थेबाहेरच्या मंडळाने, ठरावीक मुदतीत करावी आणि नकार दिला तर कारण लेखी द्यावे.