मळीची लाज

बेळगावातल्या एका सुसंस्कृत घरी जेवणापूर्वीची पेये मांडली होती. व्हिस्की दिवाणखान्यातल्या मेजावर, रम मात्र स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर. यजमान म्हणाले, "ती फौजी माणसांची हो, शिवाय मळीची." या 'शिवाय'शी माझे भांडण आहे.

आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणाऱ्या कित्येक स्वस्त मद्यांत मळीचाच मद्यार्क असतो. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे व्हिस्की धान्याचीच हवी. तिथे या पेयांना ते नाव लावता येत नाही. रम मात्र उसाच्या मळीची वा रसाचीच असावी लागते. म्हणजे आपल्याला मळीची लाज नाही. मळीने आपले खरे नाव सांगण्याची लाज आहे!

दुसरा आक्षेप उग्रपणाचा. तो घेणाऱ्यांनी रम कोलात बुडवूनच प्यालेली असते. १९५४ साली बाजारात आलेली 'ओल्ड मंक' सात वर्षे ओकच्या लाकडात मुरवलेली म्हणून ओळखली जाते. ती निमुळत्या तोंडाच्या पेल्यात थोडीशी घ्यावी. बर्फ नको. जरा थांबून, ओठ किंचित विलग ठेवून वास घ्यावा. मग पाण्याचे चार थेंब घालावेत. व्हॅनिलाचा गंध येतो, तसाच गंध तापवलेले ओकचे लाकूडही मद्यात उतरवते. मागून जळक्या गुळाची, मनुकांची चव येते. शेवटचा तुरटपणा लाकडाचा. गोडवा जरा अधिक आहे, हे मी लपवणार नाही. गडद रंगावरून मात्र वय ठरवू नये. रमच्या रंगासाठी जळकी साखर घालण्याची रीत जुनीच आहे. वर्षांच्या आकड्यालाही भुलू नये. उष्ण हवेत लाकडाचा गुण लवकर उतरतो आणि पिंपातून मद्यही अधिक उडते. आपल्याकडची सात वर्षे म्हणजे स्कॉटलंडातली सात वर्षे नव्हेत.

साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत मद्याची भलामण कशाला, असे कोणी विचारील. जे पीत नाहीत, त्यांच्या संयमापुढे मी नम्र आहे. त्यांनी प्यावे असे माझे म्हणणे नाही. माझा वाद पिणाऱ्यांशी आहे. आपल्या जिल्ह्यातली कित्येक घरे उसावर उभी राहिली. गळिताच्या हंगामात कारखान्यांवरून येणारा मळीचा वास आपण लहानपणापासून घेत आलो. त्याच उसाची साखर देवापुढे ठेवतो, आणि त्याच्याच मळीची रम पाहुण्यांपासून लपवतो. पिणे लपवायचेच असेल, तर दोन्ही बाट्या आत ठेवा. नाहीतर रमही मेजावर येऊ द्या, तिच्या स्वतःच्या नावाने.