सभासदाची पत आणि घराचे कर्ज



गेल्या महिन्यात वसमत तालुक्यातील आपले एक सभासद आमच्याकडे आले. माणूस सरळ, उसाची नोंद वेळेवर, सोसायटीत बाकी नाही. घराचे खांब उभे राहिले, स्लॅबसाठी कर्ज मागायला गेले, तर बँकेने संगणकात पाहून सांगितले, "तुमचा सिबिल खराब आहे." हा सिबिल कोण, हेच त्यांना ठाऊक नव्हते. "म्या कोणाचं बुडवलं, तेवढं तरी सांगा," असे ते विचारू लागले.

बुडवले कोणाचेच नव्हते. अहवाल काढून पाहिला तेव्हा दोन नोंदी निघाल्या. पहिली पीककर्जाची. 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखाचा लाभ मिळाला, वरची रक्कम यांनी पदरची भरली. तरी खाते 'सेटल्ड' म्हणून कळवले गेले, म्हणजे तडजोडीने मिटवलेले. दुसरी नोंद भावकीतल्या एका वाहतूकदाराच्या ट्रॅक्टरला राहिलेल्या जामिनकीची. हप्ते त्याने थकवले, डाग यांना लागला. जामीन ही आपल्याकडे नात्याची गोष्ट, नाही म्हणवत नाही. पण ती सही आता कर्जाइतकीच पाठीमागे लागते.

पूर्वी सोसायटीचा गटसचिव माणूस पाहून पत ठरवी. त्यातही वशिला होता, ते काही रामराज्य नव्हते. आता 300 ते 900 मधला एक आकडा माणसाची पत सांगतो. सिबिल ही कंपनी 2000 साली निघाली. आज अशा चार कंपन्या आहेत. 2025 च्या मे महिन्यात राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे बँकांना बजावले. चांगले झाले. परंतु घरकर्जाला ती ढाल चालत नाही.

आणि आमचा खरा राग वेगळाच आहे. घराचा हप्ता दर महिन्याला, आणि उसाचा पैसा वर्षातून एकदा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस तुटल्यावर 14 दिवसांत बिल द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज द्यायचे. कारखाने किती पाळतात ते सभासद जाणतातच! बिल लांबले की हप्ता चुकतो, आणि डाग कारखान्याला न लागता सभासदाला लागतो. कारखान्याच्याच पत्रकात हे लिहू नये असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, इथे नाही लिहायचे तर कुठे?

आमचे म्हणणे एवढेच, की बिलाची तारीख पाळावी, आणि मागील तीन हंगामांच्या ऊसबिलाचा शिक्का-सहीचा दाखला सभासदाला गट ऑफिसातच मिळावा. शेतकऱ्याजवळ पगारपत्रक नसते. तो दाखला हेच त्याचे पगारपत्रक. तसेच वाहतूक कराराच्या कर्जावर सभासदाची सही घेताना कागद वाचून दाखवावा. हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत घ्यावा.

सभासदांनीही एक करावे. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. घराचे काम काढण्याआधी तो पाहावा, एजंटाला हजार-दोन हजार मोजू नयेत. नोंद चुकीची असेल तर बँकेकडे आणि त्या कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. नोंद खरी असेल तर मात्र तक्रारीने पुसत नाही. बाकी भरून बेबाकी दाखला घ्यावा, आणि पुढचे हप्ते वेळेवर भरत राहावे. पुसून देतो म्हणणारा भेटला तर तो ठग समजावा.

आपल्या त्या सभासदाने पीककर्जाच्या नोंदीबद्दल तक्रार दिली आहे. ट्रॅक्टरचे हप्ते भावकीत बसून मिटवायचे ठरले. खांबांच्या सळयांना गंज चढू नये म्हणून त्यांनी सिमेंटचे पाणी लावून ठेवले आहे.