मेसेज गोड झाला, पण इशारा गायब झाला

ॲपलने २०२४ मध्ये आयफोनमध्ये ‘रायटिंग टूल्स’ दिली. २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने ‘रायटिंग हेल्प’ आणलं. दोन्हीचं काम साधारण एकच: तुम्ही टाइप केलेलं वाक्य एआयकडून जरा नम्र किंवा जरा प्रोफेशनल करून घ्यायचं. ‘गॉब्लिन टूल्स’ ही साइट तर न्यूरोडायव्हर्जंट लोकांना डोळ्यासमोर ठेवूनच बनवली आहे. मेसेजचा सूर बदलून देणारं टूल तिथेही आहे.

न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे ज्यांच्या मेंदूची लक्ष देण्याची, शिकण्याची किंवा संवाद साधण्याची पद्धत बहुतेकांपेक्षा वेगळी असते. ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया ही त्यातली ओळखीची नावं. बाकीच्यांना न्यूरोटिपिकल म्हणतात. मी त्या बाकीच्यांमधला.

मग अशा टूल्समुळे ऑफिसमधले गैरसमज संपतील का? मला तसं वाटत नाही. कारण आमच्याच टीममध्ये घडलेला किस्सा.

‘जमलं तर बघशील का?’

माझा एक सहकारी ऑटिस्टिक आहे. त्याने हे टीमला स्वतःहून सांगितलं होतं (आणि इथे लिहायलाही त्याची हरकत नाही). एका रिलीजच्या दिवशी मी त्याला मेसेज केला, ‘हा बग आज जमलं तर बघशील का?’ उत्तर आलं, ‘नाही.’ बस, एवढंच. मला राग आला. संध्याकाळी विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, “तू जमेल का विचारलंस. माझ्याकडे दुसरं काम होतं, म्हणून नाही म्हटलं. आजच करायचं होतं तर तसं लिहायचं ना.”

त्याचं बरोबर होतं. तरीही अप्रेझलच्या वेळी मी त्याच्या फीडबॅकमध्ये लिहिलं, ‘काम उत्तम, कम्युनिकेशन सुधारायला हवं.’ ते एक वाक्य त्याच्या रेटिंगमध्ये गेलं.

त्यानंतर तो प्रत्येक मेसेज एआयमधून काढून पाठवायला लागला. ‘आशा आहे तुम्ही मजेत असाल’ वगैरे. आम्हाला वाटलं, सुधारला!

काही महिन्यांनी मी डेटाबेसच्या एका मोठ्या टेबलवर इंडेक्स बनवणार होतो. पोस्टग्रेसमध्ये साध्या कमांडने इंडेक्स बनवला तर तो पूर्ण होईपर्यंत त्या टेबलमध्ये नवीन नोंदी होत नाहीत. लिहिणं चालू ठेवायचं असेल तर कमांडमध्ये ‘कन्करंटली’ हा शब्द घालावा लागतो. तो मी विसरलो होतो आणि त्याच्या ते लक्षात आलं. त्याने लिहिलेला मूळ मेसेज होता, ‘हे असं चालवू नका. टेबल अडकेल.’ आमच्यापर्यंत पोचला तो असा: ‘छान काम! पुढे कधीतरी आपण दुसऱ्या पर्यायाचाही विचार करू शकतो का?’

मी थम्सअप दिला आणि कमांड चालवली. जवळपास वीस मिनिटं ग्राहकांच्या ऑर्डर अडकल्या.

नंतर त्याने मूळ मेसेज दाखवला तेव्हा मला खरंच लाज वाटली. त्याचं पहिलं वाक्य अगदी स्पष्ट होतं. ते गुळगुळीत करायला त्याला मीच भाग पाडलं होतं.

कम्युनिकेशन नक्की कोणाचं कच्चं?

ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये ‘डबल एम्पथी प्रॉब्लेम’ ही कल्पना मांडली. सोप्या भाषेत, गैरसमज हा दोघांमधला असतो. ऑटिस्टिक माणसाला आपलं कळत नाही, तसं आपल्यालाही त्याचं कळत नाही. फक्त ‘प्रॉब्लेम’चा शिक्का एकावरच बसतो.

२०२० मध्ये एडिनबर्गच्या टीमने हे तपासलं. कानगोष्टीच्या खेळासारखी एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगत न्यायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जवळपास तेवढीच टिकली, जेवढी ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीत. मिश्र साखळीत ती जास्त गळली. पण २०२५ मध्ये तीनशेहून जास्त लोकांवर मोठा अभ्यास झाला, त्यात मिश्र गटही मागे पडले नाहीत. म्हणजे मिश्र टीममध्ये गोंधळ होणारच, असं नाही. आणि ऑटिस्टिक लोकांना माहिती नीट पोचवता येत नाही, हे तर दोन्ही अभ्यासांत दिसलं नाही.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये ऑटिझम आणि डिस्लेक्सियासारख्या शिकण्याच्या अडचणी आहेत. एडीएचडीचं वेगळं नाव त्यात नाही. या कायद्यानुसार खासगी कंपन्यांनीही समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. तुमच्या कंपनीचं आहे का, एचआरला विचारून बघा. पण धोरण पीडीएफमध्ये राहतं. रोजचं काम चॅटवर चालतं.

आम्ही काय बदललं

आता टीममध्ये काम सांगणाऱ्या प्रत्येक मेसेजमध्ये तीन गोष्टी असतात: काय हवंय, कधीपर्यंत, आणि नाही म्हटलं तर चालेल का. ‘जमलं तर बघ’ऐवजी ‘हा बग आज ५ पर्यंत हवा. जमणार नसेल तर १२ च्या आत सांग.’ कॉलवर ठरलेलं दोन ओळींत चॅटवर टाकायचं. धोक्याचा इशारा असेल तर पहिला शब्द ‘थांबा’, आणि त्यात एआय नाही.

प्रत्येक न्यूरोडायव्हर्जंट माणसाला हेच हवं असेल असं नाही. डिस्लेक्सिया असलेल्या एखाद्याला लांब मेसेजपेक्षा व्हॉइस नोट बरी वाटेल. म्हणून थेट विचारा, “तुला कसं सांगितलेलं बरं पडतं?”

एआय वापरायचंच तर उलटं वापरा. स्वतःचा मेसेज देऊन विचारा, ‘यात मी नक्की काय मागितलंय?’ त्याला सांगता आलं नाही, तर समोरच्यालाही कळणार नाही. (ऑफिसचा डेटा बाहेरच्या ॲपमध्ये टाकायची परवानगी आहे का, ते आधी बघा.)

या नियमांचा सगळ्यात जास्त फायदा नवीन आलेल्या फ्रेशर्सना झाला. सिनियरच्या ‘बघ जरा’चा अर्थ काय, याचं टेन्शन त्यांनाही होतंच.

तो अप्रेझलचा फीडबॅक मात्र मला मागे घेता आला नाही. ती फेरी बंद झाली होती. पुढच्या वर्षी मी लिहिलं, ‘टीममधले सगळ्यात स्पष्ट मेसेज याचे असतात.’ पाठवायच्या आधी त्याला दाखवलं. त्याने वाचलं आणि उत्तर दिलं, ‘बरोबर आहे.’ बस, एवढंच.