शेत म्हणजे बाग नव्हे

शहराच्या मधोमध उरलेली सरकारी शेतजमीन वाचवायची वेळ आली, की तिच्या बाजूने बोलणारे तिचे पहिले नुकसान करतात ते शब्दांनी. ही शहराची फुप्फुसे आहेत, असे म्हणतात. इथे मोर येतात, सकाळी ज्येष्ठ नागरिक फिरायला येतात, असे सांगतात. सगळे खरे आहे. पण फुप्फुसेच हवी असतील तर समोरच्याचे उत्तर तयार असते: आम्ही इथे सिटी फॉरेस्ट करतो, जॉगिंग ट्रॅक करतो, कडेला थोडी दुकाने काढतो, म्हणजे खर्चही निघेल. हवा राहते, मोर राहतात, फिरणारे खूश होतात. जाते ते फक्त शेत.

इंदूरच्या कृषी महाविद्यालयाच्या जमिनीबद्दल हेच म्हणायचे आहे. मी जबलपूरच्या सिविल लाइंसमध्ये राहते. इंदूरची उठाठेव मला कशाला, असे कोणी विचारील, म्हणून नाते सांगते. आमच्या आधारतालला १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ निघाले, तेव्हापासून २००८ मध्ये ग्वाल्हेरचे विद्यापीठ वेगळे होईपर्यंत इंदूरचे ते महाविद्यालय जबलपूरच्याच छत्राखाली होते. आणि ती जमीन होळकरांच्या दरबाराने दिलेली. तेव्हा मराठी माणसाला त्या विषयात बोलायचा अधिकार नाही असे कोणी म्हणू नये.

१९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड इंदूरला आले. सुमारे ३०० एकरांवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. कापसावर संशोधन करायला निघालेली ही संस्था शेवटी खतासाठी जगप्रसिद्ध झाली. कापसाच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, तण, शेण, जनावरांच्या पायाखालची मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, ढीग तीनदा उलटायचा; साधारण तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार. जगात या पद्धतीला आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. पुढे इंग्लंड-अमेरिकेत सेंद्रिय शेतीची जी चळवळ झाली, तिच्या मुळाशी हा माळव्यातला उकिरडा आहे. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनी वेळ काढून तो पाहिला होता. साहित्य संमेलनाला आलेल्या माणसाने खताचा खड्डा पाहायला जावे, हे आजच्या संमेलनांत कितपत घडेल?

आता भाषेचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. या पद्धतीचे मूळ पुस्तक १९३१ मध्ये ऑक्सफर्डने छापले. त्यावर लेखक दोन आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्डना ‘सर’ ही पदवी मिळाली, जगभर नाव मिळाले. वाड कुठे आहेत? सेंद्रिय शेतीवरच्या लेखांत, भाषणांत, अगदी मराठी लेखांतही, एकटे हॉवर्डच असतात. सहलेखकाचे नाव गळते तेव्हा काय गळते, हे अनुवादकाला सांगावे लागत नाही. पुस्तकावर दुसरे नाव बारीक अक्षरांत छापतात, दुसऱ्या आवृत्तीत विसरतात आणि तिसऱ्या पिढीला ते नाव होते हेच माहीत नसते. पुसदच्या पांढरीपांड्यांची ‘नाडेप’ टाकी निदान आद्याक्षरांत त्यांचे नाव घेऊन फिरते. वाडांच्या वाट्याला तेही आले नाही. वारसा-वारसा म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी वारसांची नावे तरी नीट लिहावीत.

त्या शेतावर मजूरही होते. त्यांना पगार वेळेवर, कामाचे तास बेताचे, राहायला घर आणि औषधपाणी मिळाले पाहिजे, नाहीतर प्रयोग नीट होणार नाही, असे हॉवर्ड मानत आणि तसे लिहीत. साहेबाच्या या वागण्यात साम्राज्याचा हिशेबही होता, कारण कापूस शेवटी कोणासाठी पिकवायचा होता हे उघड आहे. तरी शेताचे सामुदायिक जीवन म्हणजे काय, याचा धडा त्यात आहे. ते फिरायला येणाऱ्यांचे नाही. ते ढीग उलटणाऱ्यांचे, बैल राखणाऱ्यांचे, वहीत नोंद करणाऱ्यांचे आहे. २०२२ मध्ये ही जमीन दुसऱ्या कामासाठी घ्यायची बोलणी सुरू झाली, तेव्हा आठवडेच्या आठवडे धरणे धरून बसले ते त्या महाविद्यालयाचे विद्यार्थी. बहुतेक शेतकऱ्यांची पोरे. फुप्फुसांवर भाषणे देणाऱ्यांपैकी किती जण त्यांच्या मंडपात जाऊन बसले?

समोरचे म्हणणेही ऐकू. शहर वाढते आहे, कोट्यवधींची जमीन आहे, त्यावर गहू-हरभरा कशाला? प्रयोग शहराबाहेर न्या, तिथे दुप्पट जमीन घ्या. ऐकायला हे व्यवहारी वाटते. पण मातीवरचा दीर्घ मुदतीचा प्रयोग हलवता येत नाही. एकाच तुकड्यात वर्षानुवर्षे काय पेरले, काय घातले, पाऊस किती पडला, ओल किती टिकली, याची नोंद वहीत असते तशी मातीतही असते. वही ट्रकमध्ये घालून नेता येईल, माती नाही. दुप्पट जमीन मिळाली तरी तिथे वर्ष पहिले असेल. आणि कोरडवाहू काळ्या मातीचा प्रश्न काही माळव्यापुरता नाही. वऱ्हाड-मराठवाड्याचा शेतकरी त्याच जातीच्या मातीत, तशाच लहरी पावसाशी झुंजतो.

या शेतांचे देणे सीमेपलीकडे कसे पोचते, त्याचे एक उदाहरण पुरे. जेएस ३३५ हे सोयाबीनचे वाण १९९४ मध्ये आले. ते सिहोरच्या महाविद्यालयातले, जे तेव्हा जबलपूरच्या विद्यापीठाचेच होते. विदर्भ-मराठवाड्यात ‘तीनशे पस्तीस’ म्हटले की पुढे सोयाबीन म्हणावे लागत नाही. त्या बियाण्याने घरात रोकड आणली, तशी ज्वारीही शेताबाहेर ढकलली. दोन्ही गोष्टींचा जाब विचारायला सार्वजनिक शेत हवे, कारण खासगी कंपनी आपल्या बियाण्याचा दुसरा हिशेब कधी मांडत नाही.

कायद्याने संरक्षण मिळू शकते. पुण्याच्या गणेशखिंड बागेला २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण आपल्याला झाड दिसते, माती दिसत नाही. त्याच पुण्यात कृषी महाविद्यालयाच्या जमिनीवर मेट्रोचा डेपो झाला. झाड तोडले की फोटो निघतो. नांगरट थांबली की काहीच निघत नाही, दोन वर्षांत तण माजते आणि मग पडीक जमीन म्हणून तिचा प्रस्ताव निघतो.

मराठीत आपण ‘वारसा’ म्हणतो. शब्द चांगला, पण त्यात वाटणी आहे. वारस नोंद झाली की सातबाऱ्यावर नावे चढतात आणि पहिला विचार विकण्याचा येतो. हिंदीतला ‘धरोहर’ अधिक कडक आहे. धरोहर म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव. ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, मागितली की परत द्यावी लागते. सरकारी भाषणांत हा शब्द रोज येतो. तो शब्दशः घ्यावा, एवढेच मागणे आहे.

म्हणून मागण्याही साध्या ठेवू. महाविद्यालयाची जमीन शेतीच्या प्रयोगाखेरीज कशालाही देता येणार नाही, अशी तिची नोंद व्हावी. जुन्या प्रयोगांच्या वह्या हिंदी-मराठीत शेतकऱ्याला वाचता येतील अशा छापाव्यात. अनुवादाला माणसे लागली तर आम्ही आहोत. फाटकावर हॉवर्डच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, यशवंत वाड हे नाव लिहावे. आणि खताचा ढीग पुन्हा घालावा, दर तीन महिन्यांनी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. वास येईल. येऊ द्या.