वाया जाऊ नये म्हणून

साप्ताहिक सदर : पानावरून

परवा आषाढी एकादशी झाली. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, चार वाजता रताळ्याचा कीस, असा अनेक घरांचा उपास पार पडला. ‘एकादशी नि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीच करून ठेवली आहे. पण उपासाला नावं ठेवून मला थांबायचं नाही. जास्त खाण्याच्या आपल्या सबबी हावरेपणाच्या नावानं कधीच येत नाहीत. उपासाची खिचडी भक्तीच्या नावानं दुसऱ्यांदा वाढली जाते. पंगतीतली जिलबी मायेच्या नावानं पानात पडते. भूक संपल्यावरचा घास काटकसरीच्या नावानं गिळला जातो. प्रत्येक सबबीमागे एक सद्गुण उभा असतो, म्हणून ती खोडायला जीभ रेटत नाही.

यातली सगळ्यांत मानाची सबब म्हणजे, ‘टाकायचं कसं? वाया जाईल.’

हे वाक्य कुठून आलं, ते मला माहीत आहे. १९७२च्या दुष्काळात माझी आजी नगर जिल्ह्यात दुष्काळी कामावर खडी फोडत होती. परदेशातून आलेल्या मिलोची तांबडी भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर तिनं घर तगवलं. पुढे बरे दिवस आले, तरी पानात शीत राहिलेलं तिला खपायचं नाही. पण तिच्या नियमाचे दोन भाग होते. आधी ती विचारायची, ‘भूक किती हाये? अर्धी देऊ का चतकोर?’ आणि मग म्हणायची, ‘आता घेतली ती संपव.’ ‘हवं तेवढंच घ्या, घेतलेलं टाकू नका’ ही महाप्रसादाच्या ठिकाणची पाटीही हेच सांगते. आपण नियमाचा दुसरा भाग जपला आणि पहिला विसरलो. पोरगं ‘पुरे’ म्हणतं, तेव्हा आपण त्याला ‘एवढं संपव’ म्हणतो. वाढताना मात्र त्याला विचारलेलं नसतं.

याची किंमत बहुतेक घरांत शेवटी जेवणारी बाई मोजते. मुलानं सोडलेला वरणभात, कढईच्या तळाशी उरलेली भाजी, डब्यातून परत आलेली पोळी, सगळं तिच्या पानात येतं. तिचं पोट कधीच भरलेलं असतं. ‘एवढ्याशासाठी कुठे वाटी काढू?’ म्हणत ती ते संपवते. तिला खादाड म्हणणं हा अन्याय आहे. अन्न न टाकण्याची जबाबदारी सगळ्या घरानं तिच्या एकटीवर टाकलेली असते. साऱ्या घराचा चुकलेला अंदाज तिच्या शरीरात जमा होत राहतो.

आणि शरीर सबबी ऐकत नाही. ‘मी कुठे जाड आहे?’ म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचं उदाहरण आठवावं. ते २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच होतं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडची चरबी बारीक दिसणाऱ्या अंगातही लपून राहते. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यामागे एकच कारण नाही, पण पोटाला न विचारता भरलेलं पान हे त्यातलं आपल्या हातातलं कारण आहे.

पोट भरल्याची खबर मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि आग्रहाचा घास नेमका त्याच वेळात पानात पडतो. ‘अष्टांगहृदया’त वाग्भटानं पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला दिला आणि चौथा मोकळा ठेवायला सांगितला. तो चौथा भाग आपण आग्रहाला देऊन टाकला आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की, हे सद्गुण सोडू नका, त्यांना योग्य जागी बसवा. माया दाखवायची तर समोरच्याचं ‘पुरे’ पहिल्याच वेळी ऐका. काटकसर करायची तर ती कणीक भिजवताना करा, पान आवरताना नको. आणि उरलंच, तर त्याची सोय आपल्या स्वयंपाकघरानं कधीच करून ठेवली आहे. पोळीचा कुस्करा होतो, भात फोडणीला पडतो, उरलेलं वरण कणकेत जाऊन त्याच्या दशम्या होतात. अन्न वाचवण्याची ही खरी रीत आहे. भूक नसताना खाल्लेली पोळी वाचत नाही. तीही वायाच जाते, आणि जाताना शरीराला त्रास देऊन जाते.

आज रात्री दीड पोळी उरली, तर ती डब्यात ठेवा. घरातल्या बाईनं ती खायला घेतली, तर तिच्या हातून काढून घ्या आणि डब्यात ठेवा. आणि सकाळी कुस्करा दुसऱ्या कुणीतरी करा.

— मितभुक